इस्त्रीवाल्याचं मत

मदन महल, जबलपूर
रविवार, दुपारची जेवणं आटोपल्यावर

आदरणीय भय्यासाहेब भाऊजी यांस,
आपला एकुलता एक मेहुणा रत्नाकर याचा सविनय जय भीम.

पत्र पाहून दचकू नका. इकडे सगळे ठीक आहेत, कोणी गेलेलं नाही. हल्ली कागदावर पत्र आलं की लोक आधी मनातल्या मनात म्हातारी माणसं आठवून घेतात, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकलं. व्हॉट्सअॅपवर लिहिलं असतं, पण तुमचा फोन शर्मिलाताईकडे असतो आणि ताई आलेला मजकूर आधी मोठ्याने वाचते व मग फॅमिली ग्रुपवर टाकते. हे प्रकरण ग्रुपवर टाकण्यासारखं नाही. तरी तुम्ही पत्र ताईला दाखवालच, म्हणून काही ठिकाणी अक्षर मुद्दाम बारीक काढलं आहे. (मोतीबिंदू पिकल्याशिवाय ऑपरेशन नाही, असं ती धरून बसली आहे ना? हल्ली पिकायची वाट कोणी पाहत नाही, हे कमानिया गेटच्या चष्म्याच्या दुकानात बावीस वर्षं काढलेला माणूस सांगून राहिला आहे. पण सख्ख्या भावाचं कोण ऐकतं.)

तुमचा गुडघा कसा आहे? ताई म्हणाली दुखतो. पण जिना चढताना की उतरताना, ते सांगितलं नाही. यात फरक असतो. शेक पिशवीचा देता की विटेचा? वीट असेल तर ती तापवता कशावर, कारण तुमच्याकडे आता चूल नाही आणि गॅसवर वीट ठेवलेली ताईला चालेल असं वाटत नाही. असो. एवढंच विचारतो, बाकीचं भेटीत.

तर भाऊजी, इकडची हालत. आमच्या दुकानाचे मालक दर दिवाळीला पगार वाढवतात आणि घरमालक दर होळीला भाडं वाढवतो. मधले चार महिने तेवढे आम्ही श्रीमंत असतो. पण गेल्या दोन वर्षांत सिलिंडर, तेल, दूध यांनी ते चार महिनेही खाऊन टाकले. मी कमानिया गेटपर्यंत महिनाभर पायी जाऊन पाहिलं. ऑटोचे पैसे वाचले आणि चपला गेल्या. समिधा लॅबमध्ये कमावते, पण लेकीच्या पगाराला हात लावायचा नाही, हे मी तिच्या पहिल्या पगाराच्या दिवशीच बोलून बसलो होतो. आणि प्रतिमाला तर लग्नाच्या वेळीच सांगितलं होतं की माझ्या एकट्याच्या कमाईत घर चालेल. (आमच्या बाबूजींनी फॅक्टरीच्या एका पगारात सहा माणसं पोसली, तेव्हा मला हे बोलायला काही जड गेलं नव्हतं.) सव्वीस वर्षांनी शब्द मागे घ्यायला तोंड होत नव्हतं. म्हणून ठरवलं, एखादं दुसरं काम धरायचं आणि घरात कोणाला सांगायचं नाही.

याच सुमारास घरात तीन गोष्टी अशा घडून राहिल्या होत्या की माझ्यासारख्या माणसाला त्यांची चौकशी करावीशी वाटायला हवी होती. एक म्हणजे, प्रतिमाच्या हाताचा अंदाज बिघडला. तीन माणसांच्या घरात बारा जणांची डाळ. दुसरं, समिधाच्या स्कूटीचे ब्रेक दर महिन्याला झिजायचे, जशी काही ती लॅबला नाही, घाटात जाऊन येते. तिसरं, त्या लॅबची रक्त तपासायची मशीन. वर्षात एकदा बिघडणारी मशीन दर महिन्याला बिघडू लागली. त्या मशीनबद्दल मात्र मी समिधाला पुष्कळ विचारलं. रक्तातल्या पेशी ती मोजते कशी, चुकते कधी, चुकली हे कळतं कसं. "पापा, आप खाना खाओ," एवढं तिचं उत्तर. तुम्हाला ठाऊकच आहे, पोरीला मराठी सगळी कळते, पण तोंडातून निघते हिंदी.

माझी पहिली दुसरी नोकरी (म्हणजे दुसऱ्या नोकरीतली पहिली) एका टूथपेस्टच्या सर्वेची होती. जेवणाच्या सुट्टीत लोकांना फोन करायचे आणि बारा प्रश्न विचारायचे. मला वाटलं, हे काम माझ्यासाठीच निघालं आहे. तिसऱ्या दिवशी रांझीचे एक गृहस्थ म्हणाले की आम्ही मीठ-तेलाने दात घासतो. आता फॉर्ममध्ये मिठाला रकाना नव्हता. मी विचारलं तेल कोणतं, घाण्याचं की पाकिटातलं, आणि ही रीत घरात आणली कोणी. निघालं की त्यांच्या आजोबांना नव्वदीत सगळे दात होते. आजोबांवरून गोष्ट त्यांच्या तीन लग्नांवर गेली. दीड तास झाला. कंपनीने मला काढून टाकलं. तुम्ही माहिती गोळा करायला सांगितली आणि मी केली, तर चुकलं कुठे, हेही मी विचारलं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

नंतरचं काम मात्र चालून आलं. एकदा दुकानात नागपूरच्या पद्मजाबाई आल्या. सीताबर्डीला त्यांचं वधू-वर मंडळ आहे, तुम्ही पाटी पाहिली असेल. इथे कोणाच्या तेरवीला आल्या होत्या आणि चष्म्याचा स्क्रू पडला होता. मी स्क्रू बसवत असताना त्या हातातल्या फोटोकडे पाहून म्हणाल्या की स्थळ चांगलं आहे, पण जबलपूरला आमचं आता कोणी राहिलं नाही, चौकशी करायची कोणाकडे. फोटोतल्या घराच्या तीन पिढ्यांच्या चष्म्यांचे नंबर मी काढलेले आहेत. स्क्रू बसेपर्यंत त्या घराचं सगळं सांगून झालं. आजोबा चष्मा हरवला की सुनेवर आळ घालतात आणि सून तो शोधूनही देते, हे त्यांना फार उपयोगी वाटलं. जाताना म्हणाल्या, गजभियेजी, तुम्ही हे काम आमच्यासाठी करता का, दर चौकशीमागे मानधन देऊ. भाऊजी, जो गुण पाहून घरचे कपाळाला हात लावतात त्याचे कोणी पैसे देतं, हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं.

माझी पद्धत ठरलेली आहे. शेजाऱ्यांना कधीच विचारायचं नाही. शेजारी एक तर भांडलेले असतात नाही तर उसनं घेतलेले. तीन ठिकाणी जायचं. किराणावाला घरातलं खाणं-पिणं सांगतो. सलूनवाला माणसाचा स्वभाव सांगतो. आणि इस्त्रीवाला खरं सांगतो. माणसाची नोकरी सुटली की ऑफिसचे शर्ट इस्त्रीला येणं थांबतं, आणि ही बातमी बायकोच्या आधी इस्त्रीवाल्याला असते. आठ महिन्यांत चौदा घरांची चौकशी केली, एकही उलटली नाही. एक मझौलीची तेवढी जराशी बिनसली. मुलाची शेती खरंच आहे का ते पाहायला रविवारी बसने गेलो, तर मटारची तोडणी चालू होती. कोणता मटार आधी येतो, पोतं किती किलोचं, तोडणाऱ्या बायकांना शेंग पिकली हे कळतं कसं, यात दिवस गेला. अहवालात मटार तीन पानं झाला आणि मुलगा एक ओळ. ("मुलगा शेतात हजर होता.") पद्मजाबाईंनी ते लग्न तरीही जमवलं.

आता मुद्द्यावर येतो. गेल्या मंगळवारी मी एका आजोबांचे डोळे तपासत होतो आणि फोन वाजला. पद्मजाबाईंचा निरोप. मुलगी समिधा आर. गजभिये, लॅब टेक्निशियन, मदन महल. तुमच्याच आडनावाचे आहेत, लांबचे कोणी लागत असतील तर तसं कळवा, पण पक्षपात नको. मुलाकडचे पुढच्या मंगळवारपर्यंत उत्तर मागून राहिले आहेत. आजोबा फळ्यावरची सर्वांत खालची ओळ वाचून मोकळे झाले, मी पहिल्याच ओळीवर होतो.

विचार करा भाऊजी, काय अवस्था झाली असेल. माझ्या मुलीचं स्थळ नागपूरला फिरून राहिलं आहे आणि मला ठाऊक नाही. नकार कळवावा, तर पद्मजाबाई दुसऱ्या कोणाला पाठवतील आणि तो नुसता किराणावाल्याला विचारून जाईल, जिथे आमची बाजू तूर्त जरा कमजोर आहे. खोटं गोड लिहावं, तर चौदा घरांत कमावलेला शब्द जातो, आणि उद्या ते पोरीच्याच अंगावर येतं. खरं लिहावं, तर भाड्याच्या दोन खोल्या आणि लपूनछपून दुसरं काम करणारा बाप वाचून ते लोक मागे फिरले म्हणजे? रात्रभर झोप नाही. पण खरं सांगतो, काळजीच्या खाली कुठेतरी मला उत्सुकताही होती. लोक आपल्याबद्दल काय म्हणतात, हे कोणत्या माणसाला जाणून घ्यावंसं वाटत नाही? शेवटी ठरवलं की चौकशी रीतसर करायची.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी बंटी इस्त्रीवाला आहे. (नावावर जाऊ नका, वय पंचावन्न आहे आणि दोन नातवंडं आहेत.) समोर जाऊन विचारणं शक्य नव्हतं, म्हणून दुकानाच्या फोनवरून लावला, तोंडावर चष्मा पुसायचं फडकं धरलं आणि नागपूरचा कोणी भाईसाहेब होऊन बोललो. बंटीने सगळं सांगितलं. "आदमी सीधे हैं। बस पूछते बहुत हैं। एक शर्ट देते हैं और दस बात पूछते हैं, कोयला कहाँ से आता है, कॉलर पहले क्यों करते हो।" मी विचारलं, घरातल्या बाईंचं काय. तर म्हणाला की भाभीजी फार मेहनती, दुपारी स्टेशनमागच्या मुलींच्या होस्टेलमध्ये चाळीस जणींचा स्वयंपाक करतात, वर्ष होत आलं. आणि बिटिया लॅबला जायच्या आधी सकाळी मैदानावर बायकांना स्कूटी शिकवते, माझ्या सुनेलाही तिनेच शिकवली. माझ्या हातातलं फडकं खाली गेलं. मी फोन ठेवणार तेवढ्यात बंटी म्हणाला, "और गजभियेजी, आपकी नीली शर्ट तैयार है, शाम को लेते जाना।" मी विचारलं, ओळखलं कधी. म्हणाला, "तीसरे सवाल पे। सोचा, किसी को तो आपको बताना चाहिए।"

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. प्रतिमा दुपारी विहारात महिला मंडळाला जाते, असं मी वर्षभर समजत होतो. बुधवारी अर्धी सुट्टी टाकली आणि होस्टेलवर गेलो. स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं तर ती पदर खोचून हंड्याएवढ्या भांड्यात डाळ ढवळत होती. मी काही बोलण्याआधीच तिने पाहिलं. जराही दचकली नाही. म्हणाली, "आलेच आहा तर उभे काहून? बसा, मटार सोला." मी बसलो. पाच किलो मटार होते. (शेंगा मझौलीकडच्याच, मी ओळखल्या.) अर्ध्यावर आल्यावर विचारलं की मला सांगितलं का नाही. तर म्हणाली, "तुम्ही विचारलं काहून नाही? साऱ्या जबलपूरले विचारत फिरता. घरात बारा जणांची डाळ शिजून राहिली, तर नुसतं म्हणता, उरली वाटते." मग जरा वेळाने, माझ्याकडे न पाहता, म्हणाली की सांगितलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, आपली कमाई कमी पडली. आणि तुमचं ते चौकशीचं काम मला कधीचंच ठाऊक आहे. खिशात मझौलीचं बसचं तिकीट होतं, चष्मे विकायला मझौलीला कोण जातं. मी मान खाली घालून शेंगा सोलत राहिलो. भाऊजी, मला लाज वाटली आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदमच. तिथल्या मुली मला अंकल मटरवाले म्हणू लागल्या आहेत.

गुरुवारी पहाटे मैदानावर गेलो. आपली समिधा स्कूटीच्या मागचं हँडल धरून पळत होती, आणि स्कूटीवर एक साठीच्या बाई डोळे मिटून बसल्या होत्या. ब्रेक का झिजतात ते कळलं. मला पाहून समिधाचा चेहरा उतरला. म्हणाली, "पापा, गुस्सा हो?" मी विचारलं की आतापर्यंत किती जणी शिकल्या. अठ्ठावीस. पडल्या किती? दोन. मग तिने आपणहून सांगितलं. त्या मशीनच्या दुरुस्तीला नागपूरहून एक इंजिनीअर येतो, विनय त्याचं नाव. मशीन तर आता ठीक आहे, पण तो तपासायला येतो. दोघांचं ठरलं आहे. त्याच्या घरचे म्हणाले की रीतीप्रमाणे चौकशी करू आणि मग मुलीच्या वडिलांकडे येऊ. तोवर मला सांगायचं नाही, असं तिनेच ठरवलं होतं, कारण मी त्याला फार प्रश्न विचारले असते. बघा म्हणजे, मी महिनोन् महिने मशीनची चौकशी केली आणि मेकॅनिकची केली नाही. चौकशी पद्मजाबाईंकडे आणि त्यांच्यामार्फत माझ्याकडेच येईल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. ते मी सांगितलं तेव्हा ती तिथेच मातीत बसली आणि इतकी हसली की साठीच्या बाईंनी डोळे उघडले.

काल अहवाल लिहिला. आजवरचा सर्वांत छोटा. घर भाड्याचं, दोन खोल्या. माणसं तीन, नोकऱ्या पाच, त्यातल्या तीन एकमेकांपासून लपवलेल्या. कारण वाईट नाही. किराणा दुकानात बाकी आहे, फिटते आहे. मुलीने अठ्ठावीस बायकांना स्कूटी शिकवली, दोन पडल्या. मुलीला मराठी कळते. बोलता-लिहिता येत नाही. वडील माणूस सरळ, पण प्रश्न फार विचारतात, असं इस्त्रीवाल्याचं मत आहे. आणि खाली हेही लिहिलं की चौकशी करणारा व मुलीचा बाप एकच असल्यामुळे या कामाचं मानधन घेणार नाही. प्रतिमा म्हणाली, किराण्याचं लिहू नका. मी म्हणालो, ते लिहिणार नसेन तर चौदा घरांचं लिहिलं ते कोणत्या तोंडाने. लिहिलं खरं. एका ओळीपायी पोरीचं मोडलं तर मी स्वतःला कसं माफ करणार, हे मात्र कोणाला विचारावं कळत नाही.

पत्र घेऊन येणारी मुलगी एकता, होस्टेलची, सुट्टीत घरी नागपूरला येऊन राहिली आहे. तिला चहा पाजा, आणि प्रतिमाची डाळ कशी असते ते माझ्या वतीने विचारा. ताईला डोळ्यांसाठी आणि तुम्हाला गुडघ्यासाठी माझा पुन्हा एकदा जय भीम.

आपला,
रत्नाकर

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. त्या विनयचं घर नागपुरातल्या तुमच्याच इंदोऱ्यात, तुमच्या मागून तिसऱ्या गल्लीत आहे. मुलीकडून मुलाचीही चौकशी व्हायला हवी ना? किराणा, सलून नको, तुमचा गुडघा दुखेल. फक्त इस्त्रीवाल्याकडे जा आणि एकच विचारा, त्याचे शर्ट तो स्वतः आणतो की आई आणून देते. उत्तर काहीही असलं तरी मला खरं कळवा.

ता. क. दुसरा. सोबतच्या उघड्या पाकिटात अहवाल आहे. माझ्याने फोनवरून पाठवायचं बटण दाबवलं नाही. तुम्ही वाचा. पटला तर मंगळवारच्या आत पद्मजाबाईंच्या हातात द्या. नाही पटला तरी द्या.

ता. क. तिसरा. प्रतिमाने वरचं सगळं वाचलं. ती म्हणते, घरात नोकऱ्या पाच नाहीत, सहा आहेत. सहावी माझ्या प्रश्नांची उत्तरं देण्याची, आणि ती तिला बिनपगारी आहे.

ता. क. शेवटचा. मी दाराशी एकताला पत्ता समजावत होतो तेवढ्यात समिधाने अहवाल काढून वाचला. पेन घेतलं, 'बोलता-लिहिता येत नाही' यातलं 'लिहिता' तेवढं खोडलं, आणि इस्त्रीवाल्याच्या मताखाली आपल्या वाकड्या अक्षरात लिहिलं: "मुलीचे पापा रोज विचारतात जेवली का. हे पण खरं आहे." ती ओळ मी तशीच ठेवली आहे. तुम्हीही राहू द्या.